उन्हातले सेल

"दुसऱ्यांदा गायलं होतं की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"नाही."

"नीट आठवून बोला."

"नाही."

"बाबा, थडग्याशेजारी बसलेला माणूस खरं तेच बोलतो, असं कोर्ट मानत नाही."

"मग कोर्ट काय मानतं?"

"सही."

असं म्हणून नलवडे वकिलांनी टाइप केलेला कागद फकिरापुढे सरकवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर आपला चष्म्याचा डबा ठेवला.

नूरशा बाबांनी कागदाकडे पाहिलं नाही. डब्याकडे पाहिलं.

"छान आहे," म्हणाले.

गावाबाहेर, ओढ्याच्या काठी एक चिंच. चिंचेखाली कुणा अवलियाचं थडगं, आणि थडग्याला टेकून एक खोली. एवढाच तो तकिया, फकिराचं ठाणं. तिथे नूरशा बाबा राहायचे. पण फकिरी पत्करण्याआधी, तरुणपणी, हा माणूस मुंबईच्या हॉटेलांतून बोंगो वाजवत असे. एका पॉप गाण्याच्या रेकॉर्डवर त्याचा हात वाजला होता. रेकॉर्डच्या पाकिटावर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत नाव होतं... नूर. त्या दोन अक्षरांचा माग काढत रघुवीर नलवडे इथवर पोचले होते.

माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

जुन्या रेकॉर्डी जमवणारा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक हळवा म्हातारा उभा राहतो. बशीएवढी छोटी तबकडी, या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक. आणि मऊ फडक्यानं ती पुसत, कुठेतरी हरवून बसलेला म्हातारा. हे चित्र ज्यानं कुणी रंगवलं, त्यानं नलवड्यांना पाहिलेलं नाही. सकाळी पेपर आला की हे गृहस्थ आधी निधनवार्ता वाचायचे. गेलेला माणूस गाण्याबजावण्याचा शौकीन होता असं दिसलं की हार घेऊन दारात हजर. जाताना हार, येताना रेकॉर्डींची पेटी. आत बायको रडत असायची आणि हे बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या आवडीच्या रेकॉर्डी उजेडात तिरप्या धरून ओरखडे शोधत असायचे. शहरातल्या जुन्या बाजारात त्यांना येताना पाहिलं की रेकॉर्डवाले उठून उभे राहायचे. आदरानं नव्हे.

आणि या सगळ्या जमवाजमवीच्या तळाशी एकच गाणं होतं.

"वळणावरती थांब जरा, मागे कुणी येते..."

त्या एका गाण्याच्या प्रतींनी कपाटातला एक अख्खा कप्पा भरला होता.

त्यातली एकही बरोबर नव्हती.

"प्रकरण साधं आहे," नलवडे म्हणाले. ते सतरंजीवर बसले होते, पण बसण्याची ढब खुर्चीतली होती. "गफूर शेख. जुन्या बाजारात रेकॉर्डी विकतो. त्यानं मला ही विकली. अस्सल, पहिल्या छपाईची, म्हणून. ही अस्सल नाही. तुम्ही लोकांनी हे गाणं दोनदा रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा संथ. मग कंपनीला ते चालेलसं वाटलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा, हे असं धावतं. पहिलं दाबून टाकलं आणि दुसऱ्यावर पहिल्याचं लेबल चिकटवलं. गफूरला हे पक्कं माहीत होतं."

"गफूर काय म्हणतो?"

"म्हणतो, साहेब, गाणं एकच आहे. म्हणतो, शपथ घेतो."

"घेऊ दिलीत?"

"शपथेवर माझा विश्वास नाही. आयुष्यभर लोकांना घ्यायला लावल्यात."

बाबा खळखळून हसले. नलवडे हसले नाहीत. ते विनोद करत नव्हते.

"मग गफूरचं काय झालं?"

"व्हायचं तेच. बाजाराच्या संघटनेपुढे तक्रार केली. नकली माल विकतो म्हणून त्याचा गाळा काढून घेतला. आता बसतो रस्त्याच्या कडेला, ताडपत्री अंथरून. डोक्यावर छप्पर नाही."

"ऊन लागत असेल..."

"लागू दे."

"रेकॉर्डी वाकतील."

"वाकू देत."

बाबांनी उन्हाकडे पाहिलं.

चिंचेच्या सावलीबाहेर, थडग्याच्या कट्ट्यावर दुपारचं ऊन पडलं होतं. तिथे एका बाजूला चिंचोके वाळत घातले होते आणि दुसऱ्या बाजूला जाडे सेल ओळीनं उभे केले होते. पलटणीसारखे. नलवड्यांची नजर त्यांवर गेली आणि कपाळाला आठी पडली.

"हे काय?"

"रेडिओचे सेल. दमलेत. ऊन दाखवलं की अजून थोडं बोलतात."

नलवड्यांनी पिशवीत हात घातला. सेलचं एक नवं कोरं पाकीट काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं.

"हे घ्या. पुढच्या दिवाळीपर्यंत रेडिओ बोलत राहील. सही करा."

"आणि यांचं काय करू?"

"फेकून द्या."

"अजून बोलतायत ना पण..."

ही अशी उत्तरं! नलवड्यांनी भल्याभल्या साक्षीदारांचा घाम काढला होता. खोटं बोलणारा त्यांना आवडायचा. त्याला कोपऱ्यात घेता येतं. घाबरणारा तर त्याहून आवडायचा. पण समोरचा माणूस खोटंही बोलत नव्हता आणि घाबरतही नव्हता. कोपराच नव्हता.

तो त्यांनी तयार केला.

"बाबा, या तकियाची जागा कुणाच्या नावावर आहे, हे मला ठाऊक आहे."

"काय सांगता! मलाही सांगा. इथे आलो तेव्हापासून विचारतोय, कुणी सांगतच नाही."

"गंमत नाही ही. एक अर्ज टाकला तर पुढच्या महिन्यात तुम्हीही ताडपत्रीवर असाल. गफूरच्या शेजारी."

बाबांनी मान हलवली. गंभीरपणे. जणू कुणी बऱ्या शेजाराची शिफारस केली होती.

"ऐका तर खरं," नलवडे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ऐका, आणि मग माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा."

त्यांनी बरोबर आणलेली छोटी पेटी उघडली. झाकण उघडलं की आत तबकडी फिरायची जागा, झाकणातच स्पीकर. वीज नसली तरी सेलवर चालणारा जुना प्लेअर. त्यांनी तो कुठून कुठून सुटे भाग आणून नव्यासारखा करून घेतला होता. पाकिटातून रेकॉर्ड काढली. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून दोन्ही तळव्यांमध्ये कडेनं धरली, जसा कुणी आरसा धरावा. सुई टेकली.

गाणं उसळून बाहेर आलं.

गिटार, मागे बोंगो, आणि एका बाईचा खट्याळ, चिरका नव्हे पण उंच आवाज. वळणावरती थांब जरा, म्हणत होती खरी. पण स्वतः थांबायला अजिबात तयार नव्हती. पाय उचलायला लावणारं गाणं. कट्ट्यावरची खार चिंचोका टाकून पळाली.

बाबांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. म्हातारी, गाठी आलेली बोटं. पण एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. गाणं एका ठिकाणी उडी घेतं, तिथे बोटांनीही घेतली... सुईच्या किंचित आधी.

गाणं संपलं.

"हात तुमचाच?"

"माझाच."

"आणि पहिल्या वेळेस?"

"वेळ एकच होती, वकीलसाहेब. त्या बाईला संध्याकाळी हॉटेलात गायचं होतं. उशीर झालेला. चपला हातात घेऊन गायली आणि गाणं संपलं तशी अनवाणीच पळाली. दुसऱ्यांदा गायला होतं कोण?"

"खोटं!"

चिंचेवरचे कावळे उडाले.

"साफ खोटं! हे नाचरं गाणं आहे. थिल्लर आहे. माझं गाणं असं नव्हतं. ते... ते संध्याकाळसारखं होतं. जड. माझे कान खोटं बोलणार नाहीत. बाकी जग बोलेल."

"तुम्हाला हवंय काय?"

"सही!"

"ते कागदाला हवंय. तुम्हाला काय हवंय?"

नलवडे उठले. दोन पावलं चालले. पायात चप्पल नव्हती, फरशी तापली होती, तशीच परत आले.

"ती 'थांब' म्हणायच्या आधी श्वास घ्यायची," ते म्हणाले.

"कोण?"

"अक्का."

...

ओढ्याच्या पलीकडे कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं.

"माझी बहीण. शालन. आई नव्हती आम्हाला, तीच आई. वडील घाटमाथ्यावरच्या सरकारी बंगल्याचे राखणदार. एक जोडपं उतरायला आलं होतं. जाताना प्लेअर आणि ही एक रेकॉर्ड विसरून गेलं. परत काही कुणी आलं नाही. वर्षभर आमच्या घरात हे एकच गाणं होतं. अक्का त्या बाईच्या मागून गायची. बाईचा आवाज पुढे, तिचा मागे. 'थांब' म्हणायच्या आधी एक श्वास घ्यायची, मोठा. मी तिच्या कुशीत असायचो, तो श्वास माझ्या पाठीला लागायचा. मग टायफॉइड झाला आणि गेली. वडिलांनी प्लेअर, रेकॉर्ड, सगळं एका ट्रकवाल्याला देऊन टाकलं. म्हणाले, घरात गाणं नको."

"तुम्ही केवढे होता?"

"सात वर्षांचा."

"फोटो आहे?"

"आहे. फोटोला आवाज असतो का?"

बाबांनी डोळे मिटले.

"आवाज माझ्या कानात होता," नलवडे म्हणाले. आता ते वकिलासारखे बोलत नव्हते. शब्द अडखळत बाहेर येत होते. "गाणं मनात सुरू केलं की मागून अक्का यायचीच. म्हणून तर शोधायला लागलो. पहिली प्रत मिळाली तेव्हा... ती मागे पडली. त्या बाईचा वेग तिला गाठवेना. म्हटलं, प्रत खराब असेल. दुसरी घेतली. तिसरी. एकापेक्षा एक स्वच्छ. गफूरची सगळ्यांत स्वच्छ, एक ओरखडा नाही. रोज लावत गेलो. आणि एक दिवस डोळे मिटले तर मनात नुसती हीच बाई. अक्का नाही. नंतर कधीच नाही. सगळं करून पाहिलं. तिची हाक आठवायला बघतो, तर हिचा आवाज येतो."

त्यांनी रेकॉर्डकडे बोट दाखवलं.

"या रेकॉर्डमध्ये ती श्वास कुठे घेईल? जागाच नाही. गफूरनं माझी बहीण मारली, बाबा. दुसऱ्यांदा मारली. आणि तुम्ही मला सांगताय, ऊन लागत असेल!"

बाबांनी प्लेअरकडे पाहिलं.

मग म्हणाले, "आता मी विचारू?"

"मी साक्षीदार नाही."

"मग कोण आहात?"

नलवडे खाली बसले.

"बंगल्यावर वीज होती?"

"नव्हती. प्लेअर सेलवरचा. हाच, अगदी याच बनावटीचा. म्हणून तर हा मिळवला. त्यातही मी कसूर ठेवलेली नाही. मोटर नवी, पट्टा नवा. दर वेळी नवे सेल."

"गाणं कधी लागायचं?"

"संध्याकाळी. वडील खाली चौकीवर गेले की."

"लागायच्या आधी काय व्हायचं?"

"काही नाही. लागायचं."

"काही नाही?"

"काही नाही हो! अक्का पत्र्यावर चढायची, उतरायची, मग आम्ही आत जायचो आणि..."

"पत्र्यावर?"

"स्वयंपाकघराच्या पत्र्यावर. मी शिडी धरायचो. त्याचा गाण्याशी काय संबंध?"

"कशाला चढायची?"

"काय माहीत. काहीतरी वाळत घातलेलं असायचं. सांडगे, मिरच्या... बायका काय घालतात वाळत? वरून काहीतरी माझ्या हातात टाकायची. ते पडू द्यायचं नाही, असा आमचा खेळ होता. मी नाचायचो. भाजायचं ना."

"काय टाकायची?"

नलवडे बोलायला गेले आणि थांबले.

"...आठवत नाही."

"सांडग्यांनी हात भाजतो?"

"आठवत नाही, म्हटलं ना! सात वर्षांचा होतो. तुम्ही मला गुंतवताय. ही जुनी युक्ती आहे, मी स्वतः वापरतो. सही करायची नसेल तर तसं सांगा, मी माझा..."

बाबा उठले.

सावकाश, गुडघ्यावर हात देऊन. कट्ट्यापाशी गेले. पाठ नलवड्यांकडे होती. सदऱ्याच्या ओच्यात काहीतरी गोळा केलं आणि परत येऊन नलवड्यांच्या पुढ्यात उभेच राहिले. नलवडे खाली, हे वर.

"ओंजळ कर."

साठी उलटलेल्या वकिलाला फार वर्षांत कुणी 'कर' म्हटलं नव्हतं. रागानं त्यांनी मान वर केली. पण हात... हात आधीच पुढे झाले होते.

बाबांनी ओचा सोडला.

तापलेले सेल ओंजळीत पडले. खण्ण वाजले, एकमेकांवर आपटले. नलवडे कळवळले, पण टाकले नाहीत. ते सेल या तळव्यातून त्या तळव्यात, त्या तळव्यातून या तळव्यात... आणि बसल्या जागी त्यांचे खांदे हलायला लागले, जसे उभं असताना पाय हलले असते.

"धर रे, ऊन धर," ते म्हणाले.

बाबांनी विचारलं नाही, कोण म्हणालं.

"ती असं म्हणायची. वरून. 'धर रे, ऊन धर.' ... सेल होते. बाबा, सेल होते ते. बाजार लांब होता, वडील नवे आणायचे नाहीत, अक्का संपलेलेच रोज पत्र्यावर..."



समोर प्लेअर होता. नवी मोटर, नवा पट्टा, नवे सेल. वर्षानुवर्षं हा माणूस ते गाणं अधिकाधिक स्वच्छ, अधिकाधिक चोख करत गेला होता. गफूरला त्यानं चोर ठरवलं, एका धंद्याचं छप्पर काढून घेतलं, फकिराला बेघर करायची धमकी दिली. आणि या सगळ्या काळात त्याच्या अक्कानं ते गाणं एकदाही चोख ऐकलेलं नव्हतं. तिनं ते रोज मरायला टेकलेल्या सेलवर ऐकलं होतं.

नलवड्यांनी प्लेअर उलटा केला. मागचं झाकण काढलं. नवे सेल सतरंजीवर घरंगळले. उन्हातले सेल आत बसवताना त्यांचे हात इतके हलत होते की एक सेल उलटा बसला. काढला. सुलटा बसवला.

सुई टेकली.

आधी नुसती खरखर. मग तबकडी आळसावल्यासारखी फिरली. गिटार खाली उतरलेली, बोंगोचे ठोके लांब लांब पडणारे, कुणी दारावर भीत भीत थाप द्यावी तसे. आणि बाईचा आवाज. खट्याळपणा गेला होता. आवाज भारी झाला होता, थकलेला, संध्याकाळसारखा. तीच बाई, तेच शब्द. ती आता खरोखरच कुणाला तरी थांब म्हणत होती.

बाबांची बोटं गुडघ्यावर स्थिर होती. हे वाजवणं त्यांचं नव्हतं.

"वळणावरती..."

आणि तिथे जागा होती.

'वळणावरती' आणि 'थांब' यांच्या मध्ये, एक अख्खा श्वास मावेल एवढी जागा. नलवड्यांची पाठ ताठ झाली, मागून काहीतरी लागल्यासारखी. डोळे मिटले. ओठ हलले. आवाज नाही. ते गात नव्हते. मागून येणाऱ्या कुणाला तरी वाट देत होते.

कडवं सरलं. दुसरं सुरू झालं आणि तबकडीचा वेग आणखी ढळला.

नलवड्यांनी डोळे उघडले.

"संपतंय..."

बाबा जागचे हलले नाहीत.

"बाबा, संपतंय! बंद करू? थोडं शिल्लक राहील... नंतरला..."

हात सुईपर्यंत गेला. तिथेच राहिला, अधांतरी. उचलली तर वाचेल. पण उचलली तर ती गायची थांबेल, आणि थांबवणारे आपण असू... वकिलाच्या कपाळावर घाम आला. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता, आणि आत्ता तर विचारणारं कुणीच नव्हतं.

हात मागे आला.

गाणं घसरत गेलं. बाईचा आवाज पुरुषासारखा झाला, मग जनावराच्या घोगऱ्या कण्हण्यासारखा, मग नुसता एक लांबलेला स्वर. तबकडी एकदा थरथरली आणि थांबली.

कावळे परत येऊन चिंचेवर बसले होते. गुपचूप.

नवे सेल सतरंजीवर हाताशीच पडले होते. नलवड्यांनी त्यांना हात लावला नाही. त्यांनी प्लेअरमधून मेलेले सेल एकेक करून काढले आणि ओंजळीत घेतले. अजून कोमट होते.

"आली होती," ते म्हणाले.

बाबांनी मान हलवली.

"हे पुन्हा उन्हात ठेवले तर... पुन्हा?"

बाबांनी कट्ट्याकडे पाहिलं. चिंचेची सावली सरकत सरकत कट्टाभर पसरली होती. चिंचोके सावलीत होते.

"इथलं ऊन गेलं."

"मग उद्या येतो. उद्या सकाळी. ऊन आलं की..."

बाबांनी कागदावरचा चष्म्याचा डबा उचलला आणि नलवड्यांच्या खिशात सरकवला. मग तो टाइप केलेला कागद घेतला. फुटाणेवाला पुडी बांधतो तसे नलवड्यांच्या ओंजळीतले सेल त्यात गुंडाळले, टोकं आत खोचली, आणि पुडी पुन्हा त्यांच्याच हातावर ठेवली.

"गफूरकडे दे," म्हणाले. "तो हल्ली दिवसभर उन्हातच असतो."